सहा महिन्यांनंतरचे पिल्लू: वयात येणाऱ्या कुत्र्याला वळण लावण्याचा क्रम

चार महिन्यांचे असताना हाक मारताच धावत येणारे पिल्लू आठव्या महिन्यात हाकेकडे पाठ फिरवते, पट्टा ओढत खांदा दुखवते आणि पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. मग घरात रागावणे सुरू होते, त्याने भागले नाही की फिरवणे दुप्पट केले जाते, आणि तेही फसले की कुत्रा कोणाला तरी देऊन टाकण्याची भाषा कानावर येते. पुण्यातल्या अनेक घरांत मी हे पाहिले आहे आणि दर वेळी चूक एकाच जागी सापडली आहे. या घरांत प्रयत्न कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम उलटा असतो. रस्त्यावर, म्हणजे सर्वांत अवघड जागी, शिकवायला आधी सुरुवात होते. झोप, घरातली मांडणी आणि उजळणी यांचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही. पुढचे टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

आधी वयाचा अंदाज घ्या

कुत्र्याचे वयात येणे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होते. लहान चणीच्या जातींत ते वर्षभराच्या सुमारास ओसरते. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या कुत्र्यांत दीड ते दोन वर्षांपर्यंत चालते. आपल्याकडची गावठी कुत्री बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात.

२०२० साली ‘बायोलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांची असताना आपल्या माणसाचे ऐकणारी पिल्ले आठव्या महिन्यात त्याच माणसाचे कमी ऐकू लागली, मात्र परक्या माणसाच्या आज्ञेबाबत तशी घसरण दिसली नाही. याचा अर्थ, शिकलेले पुसले गेलेले नसते. जवळच्या माणसाशी असलेल्या नात्यात त्या काळापुरता ताण येतो, आणि तो ताण आरडाओरड्याने वाढतो.

टप्पा १: डॉक्टर आणि वही

पहिल्या आठवड्यात नवे काहीही शिकवू नका. आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या आणि कान, त्वचा, दात, कंबर व गुडघे आवर्जून दाखवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांचा उपद्रव वाढतो. गोचीडतापाने आजारलेला कुत्रा चिडचिडा झाला की घरचे लोक ते ‘वयाचे’ म्हणून सोडून देतात. रेबीजची लस आणि महापालिकेचा श्वान परवाना यांची मुदत याच भेटीत तपासावी.

त्याच आठवड्यात एक वही ठेवा. दर वेळी तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता काय केले, त्याआधी दहा मिनिटांत काय घडले, आणि त्यानंतर आपण काय केले. आमच्या पिंगी या कुत्रीच्या वहीत सलग पाच दिवस संध्याकाळी सात ते पावणेआठ या वेळात ‘ओढणी पकडली’, ‘पायजम्याची नाडी ओढली’, ‘पोटरीला दात लावले’ अशा नोंदी होत्या. दुपारचे रकाने पाहिले तेव्हा कारण सापडले. दोन ते पाच या वेळात पार्सलवाल्यांनी चार वेळा बेल वाजवली होती आणि प्रत्येक वेळी तिची झोप मोडली होती. तिचे अंथरूण दारापासून दूर, मागच्या खोलीत हलवले आणि आठवड्याभरात संध्याकाळचे चावणे निम्म्यावर आले. तोवर आम्ही तिला काहीही शिकवलेले नव्हते.

*सावधान: शांत कुत्रा एक-दोन दिवसांत अचानक गुरगुरू लागला, उचलताना किंवा विशिष्ट जागी हात लावताना चावू लागला, तर ते वेदनेचे लक्षण समजावे आणि शिकवणे थांबवून डॉक्टर गाठावा.*

टप्पा २: झोप, फिरणे आणि चावण्याची सोय

या वयातल्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून चौदा ते सोळा तास झोप लागते. माणसांचा सतत राबता असलेल्या दोन खोल्यांच्या घरात ती आपोआप मिळत नाही, म्हणून तिची वेळ ठरवावी लागते. सकाळच्या फेरीनंतर आणि दुपारी त्याला शांत खोलीत चावण्याजोगे काहीतरी देऊन ठेवा आणि त्या वेळात घरातल्या कोणीही त्याला हाक मारू नये. मुलांना हे एकदा नीट समजावले की ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे.

फिरण्याबाबत उलटा गैरसमज आहे. ‘दमवले की शांत होईल’ या समजुतीने रोज दोन तास पळवलेला कुत्रा महिन्याभरात अधिक दमदार आणि अधिक बेचैन होतो. चाळीस मिनिटांच्या फेरीत निम्मा वेळ त्याला हुंगू द्या. एकाच झाडाच्या बुंध्याशी तो दोन मिनिटे थांबला तर थांबू द्या, कारण हुंगण्याने त्याचे डोके थकते आणि खरी झोप लागते.

*सावधान: स्कूटरला पट्टा बांधून कुत्र्याला पळवू नये. पहाटे अनेक रस्त्यांवर हे दृश्य दिसते. मोठ्या जातींची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, आणि स्कूटरच्या वेगाला बांधलेल्या कुत्र्याला दुखत असले तरी थांबता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.*

दुधाचे दात पडून पक्के दात सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत येतात, पण चावण्याची ओढ त्यानंतरही काही महिने टिकते. ती दडपता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून ते फ्रीजरमध्ये गोठवून द्या, किंवा थंड गाजर द्या. शिजवलेली हाडे देऊ नका, कारण त्यांचे टोकदार तुकडे होतात. चपला दारबंद कपाटात गेल्या पाहिजेत. चपला उघड्यावर ठेवून त्या चावल्याबद्दल कुत्र्याला रागावणे अन्यायाचे आहे, आणि चावून झाल्यावर दहा मिनिटांनी रागावलात तर आपण कशाबद्दल बोलत आहात हे त्याला कळतही नाही.

टप्पा ३: घरात उजळणी, जणू आज घरी आले

आता शिकवण्याला सुरुवात करायची, आणि ती पहिल्या धड्यापासून. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी तीन मिनिटे, घरातल्या सर्वांत शांत खोलीत. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा: उकडलेले चिकन, पनीर किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बिस्किटे नकोत. त्या दिवशीच्या जेवणातून तेवढे कमी करावे.

मराठी घरात शब्दांची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आपण ‘बस’ हा शब्द कुत्र्याला बसवण्यासाठी वापरतो, पण पोळी वाढताना ‘बस, बस’ म्हणतो, मुलाला ‘आता बस झालं’ म्हणतो आणि ‘बस आली का’ असेही विचारतो. ‘ये’चे तसेच आहे, दिवसभर घरात कोणीतरी कोणाला तरी ‘ये’ किंवा ‘या’ म्हणत असते. कुत्रा दिवसातून पन्नास वेळा तो शब्द ऐकतो आणि त्यातल्या अठ्ठेचाळीस वेळा त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. मग एकोणपन्नासाव्या वेळी त्याने कान टवकारला नाही, याचे नवल वाटू नये. त्यावर उपाय असा:

१. घरातल्या सर्वांनी मिळून चार शब्द ठरवावेत आणि ते स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावावेत. आजी ‘खाली बस’, बाबा ‘सिट’ आणि मुलगी ‘बस ना रे’ म्हणत असेल तर ते कुत्र्यासाठी तीन वेगळे आवाज असतात.

२. बसण्यासाठी शब्दाबरोबर हाताची खूण पक्की करावी. कुत्रे खूण शब्दापेक्षा लवकर उचलतात.

३. शब्द एकदाच उच्चारावा आणि मनात पाचपर्यंत मोजावे. प्रतिसाद आला नाही तर शब्द पुन्हा न उच्चारता खूण करावी, किंवा दोन पावले मागे सरून नव्याने सुरुवात करावी.

४. जमले की लगेच, एका सेकंदाच्या आत, खाऊ द्यावा.

*तपासणी: दहापैकी आठ वेळा पहिल्या शब्दाला प्रतिसाद येतो का? येत असेल तरच पुढच्या जागी जा: आधी गॅलरी, मग जिना, मग पार्किंग, मग फाटकाबाहेर. प्रत्येक नव्या जागी निकाल घसरेल, तेव्हा तेथे धडा सोपा करून घ्यावा.*

टप्पा ४: पट्ट्यावर चालणे

छातीवर इंग्रजी ‘वाय’च्या आकाराने बसणारा हार्नेस आणि दीड ते दोन मीटरचा साधा पट्टा एवढे साहित्य पुरते. गळा आवळणारी साखळी आणि आतून काटे असलेला गळपट्टा घेऊ नका. समोरून दुसरा कुत्रा येत असताना गळ्याला कळ बसली की ती कळ आणि तो कुत्रा यांची सांगड आपल्या कुत्र्याच्या डोक्यात बसते. दोन महिन्यांनी तो ‘इतर कुत्र्यांवर धावून जातो’ अशी तक्रार येते, तेव्हा तिचे मूळ पुष्कळदा त्या साखळीत असते.

सुरुवात पार्किंगमध्ये, पट्टा सैल ठेवून:

१. स्थिर उभे राहा. कुत्र्याने आपणहून आपल्याकडे पाहिले की आपल्या पायाजवळ खाऊ द्या.

२. तीन पावले चाला, पायाजवळच खाऊ द्या. मग पाच पावले, मग दहा.

३. पट्टा ताणला गेला की थांबा. मागे खेचू नका, बोलू नका. पट्टा सैल झाला की लगेच चाला, कारण पुढे जायला मिळणे हेच त्याचे बक्षीस आहे.

४. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या नीट झाल्यावरच फाटकाबाहेर पडा.

पहिले काही दिवस शंभर मीटर जायला वीस मिनिटे लागतील. घाईच्या सकाळी हे जमणार नसेल तर त्या दिवशी धडा घेऊच नये; हार्नेसची दुसरी कडी वापरून ‘हे नुसते फिरणे’ असा वेगळा संकेत ठेवावा. एक दिवस ओढू देणे आणि एक दिवस न देणे हे मात्र एकाच कडीवर करू नका, कारण अधूनमधून फळणारी सवयच सर्वांत चिवट होते.

फाटकाबाहेरचा खरा प्रश्न गल्लीतल्या कुत्र्यांचा असतो. कोथरूड असो वा पेठा, प्रत्येक गल्लीला तिची कुत्री असतात आणि त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. सहा महिन्यांपर्यंत पिल्लू म्हणून सोडून दिलेल्या आपल्या कुत्र्याला ती आता प्रौढ प्रतिस्पर्धी म्हणून जोखू लागतात. दोन दिवस कुत्र्याशिवाय चालून त्यांच्या बसण्याच्या जागा पाहून ठेवा, आणि मार्ग व वेळ त्यानुसार ठरवा. ती दिसली की तुमचा कुत्रा ताठरण्याआधीच वळा, रस्ता ओलांडा किंवा उभ्या मोटारीच्या आड जा आणि एकामागून एक खाऊ देत राहा. पट्टा हातावर गुंडाळून आखडून धरण्याची सवय मोडली पाहिजे, कारण तो ताण कुत्र्यापर्यंत पोहोचतो.

*सावधान: भांडण सोडवताना हात मध्ये घालू नका. माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजविरोधी लशीबाबत विचारा. आपल्या कुत्र्याला चावा बसला असेल तर आधीची लस झालेली असली तरीही पशुवैद्यांकडे न्या.*

टप्पा ५: बोलावल्यावर येणे

या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होते, आणि ते आमच्याकडूनही झाले. पिंगी नऊ महिन्यांची असताना टेकडीवर तिला मोकळे सोडले होते. तिला मोराचा वास लागला. मी सहा वेळा हाक मारली, शेवटच्या दोन ओरडून. ती आली तेव्हा मी तिला रागावलो आणि लगेच पट्टा अडकवला. त्यानंतर तीन आठवडे ती बोलावल्यावर यायची, पण दोन हातांवर थांबायची; मी वाकून हात पुढे केला की मान खाली घालून तेवढीच पावले मागे सरायची. त्या एका सकाळी मी तिला शिकवले होते की येण्याचा शेवट वाईट होतो.

म्हणून जुना, मळलेला शब्द टाकून द्या आणि नवा घ्या. शिट्टी उत्तम, कारण तिच्यात आपला राग उमटत नाही.

१. घरात शिट्टी वाजवा आणि लगेच सर्वांत आवडता खाऊ द्या. या दिवसांत कुत्र्याने काहीही करायचे नाही. रोज दहा वेळा, एक आठवडा.

२. दुसऱ्या खोलीतून शिट्टी वाजवा. आला की एकाच वेळी न देता पाच-सहा तुकडे एकेक करून द्या.

३. दहा मीटरची हलकी दोरी हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला कधीही नाही. सोसायटीच्या बंदिस्त बागेत सकाळी गर्दी होण्यापूर्वी सराव करा. दोरी जमिनीवर घसटत राहू द्या, खेचून आणू नका. गरज पडली तर फक्त तिच्यावर पाय ठेवा.

४. आल्यावर हार्नेसला हात लावा, खाऊ द्या आणि पुन्हा ‘जा’ म्हणून सोडा. दहापैकी नऊ वेळा येण्याचा शेवट सुटण्यात झाला पाहिजे.

५. आंघोळ, औषध, नखे कापणे किंवा घरी परतणे यांसाठी शिट्टी वापरू नका. तेव्हा स्वतः चालत जाऊन पट्टा लावा.

*तपासणी: तीन वेगवेगळ्या जागी, दुसरा कुत्रा वीस मीटरवर असताना, दहापैकी नऊ वेळा येतो का? तोवर दोरी सुटता कामा नये. टेकड्यांवर मोर आणि इतर वन्य जीव असतात, त्यामुळे तेथे मी प्रौढ कुत्र्यालाही दोरीवरच ठेवतो आणि इतरांनीही ठेवावे असे मनापासून सांगतो.*

टप्पा ६: दार, बेल आणि पाहुणे

उडी मारल्यावर गुडघा मारणे किंवा पंजे दाबणे या जुन्या युक्त्या सोडून द्याव्यात. बेल वाजण्यापूर्वीच कुत्रा पट्ट्यावर, दारापासून दोन मीटरवर असावा. चारही पाय जमिनीवर असताना पाहुण्याने जवळ यावे. पाय उचलले गेले की पाहुण्याने पाठ फिरवून एक पाऊल मागे सरावे. पाहुणे हे पाळणार नसतील, आणि ‘असू दे हो, आम्हाला आवडतं’ म्हणणारे काका प्रत्येक घरी असतात, तर कुत्र्याला आतल्या खोलीत गोठवलेले खेळणे देऊन ठेवावे. घरात वयस्कर माणसे असतील तर यात तडजोड नको, कारण पंचवीस किलोच्या कुत्र्याच्या एका उडीने खुब्याचे हाड मोडू शकते.

*सावधान: दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत उड्या आणि भुंकणे वाढते. उपाय चुकला असे समजून याच वेळी लोक हार मानतात. तेव्हा हार मानली तर कुत्रा एवढेच शिकतो की अधिक जोर लावला की काम होते.*

टप्पा ७: आवाज आणि नवी भीती

सहाव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान केव्हातरी कुत्र्याला अचानक, कालपर्यंत साध्या वाटणाऱ्या गोष्टींची भीती वाटू लागते. उलटी ठेवलेली बादली, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री. त्या वस्तूजवळ ओढत नेऊ नका. दूर थांबून पाहू द्या आणि हवे तर निघून जाऊ द्या.

पुण्यात या वयाची गाठ गणेशोत्सवाशी पडली तर तयारी आधीपासून लागते. ढोल-ताशांचा सराव नदीकाठी उत्सवाच्या कितीतरी आठवडे आधी सुरू होतो. त्याहीपूर्वी ढोलाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात जेवणाच्या वेळी लावावे आणि कुत्रा खाणे थांबवणार नाही इतक्या सावकाश आवाज वाढवावा. मिरवणुकीला कुत्र्याला ‘सवय व्हावी’ म्हणून नेऊ नये. त्या दिवशी फेरी पहाटे उरकून खिडक्या बंद कराव्यात. तो घाबरून अंगाला चिकटला तर त्याला जवळ घ्यावे. धीर दिल्याने भीती वाढत नाही. भीती तीव्र असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी उत्सवाच्या किंवा दिवाळीच्या महिनाभर आधी बोलावे. गळपट्ट्यावर फोन नंबर असलाच पाहिजे, कारण फटाक्याने बिथरून पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात.

*सावधान: प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट, कांदा आणि लसूण हेही कुत्र्याला विषारी असतात. पाहुण्यांना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.*

टप्पा ८: मोकळीक, एका वेळी एक

दोन आठवडे काही नासधूस झाली नाही तर एक खोली उघडी करा, सगळे घर नाही. दोन आठवडे पट्टा सैल राहिला तर एक नवी गल्ली वाढवा. घसरण झाली तर एक पायरी मागे या. पायरी मागे घेताना त्याला शिक्षेचे रूप देऊ नका.

मादी या वयात पहिल्यांदा माजावर येते आणि तो काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो. तेव्हा दोरीवरही मोकळे सोडू नका, आणि फाटकाबाहेर पट्ट्याचे हूक दोनदा तपासा. नसबंदीने नराचे भटकणे आणि घरात लघवीच्या खुणा करणे पुष्कळदा कमी होते, पण भित्रेपणा आणि पट्टा ओढणे तिने जात नाही. योग्य वय जात आणि आकारमानाप्रमाणे बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून न ठरवता आपल्या डॉक्टरांना विचारावे.

ताटाजवळ गेल्यावर गुरगुरणे, माणसाच्या कातडीत दात रुतणे, किंवा मुलांकडे टक लावून ताठ उभे राहणे यांपैकी काही दिसले तर हा लेख पुरेसा नाही. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो इशारा न देता चावेल. प्रशिक्षक निवडताना त्याला तीन प्रश्न विचारा: कुत्र्याने बरोबर केले तर आपण काय करता, चूक केली तर काय करता, आणि प्रत्येक धड्याला मला हजर राहता येईल का? कुत्र्याला काही आठवडे स्वतःकडे ठेवून ‘तयार करून’ देतो, पण त्या काळात भेटता येणार नाही, असे कोणी म्हणाले तर कुत्रा देऊ नका. पहिल्या भेटीला जाताना टप्पा १ मधली वही बरोबर न्या. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की प्रशिक्षकाला निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.